कॉकवरची टोपी

३ ऑक्टोबर

अहो,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे, मशीन नाही. फोन करून काही उपयोग नसतो म्हणून लिहायला बसले. फोनवर तुम्ही "हं" म्हणता, मी "हं" म्हणते, मग वन्सं तुमच्या हातातून फोन घेतात आणि मला त्यांच्या गुडघ्यांची हकीकत ऐकावी लागते. पत्रात नुसतं "हं" लिहून पाठवायला तुम्हाला लाज वाटेल, असा माझा अंदाज आहे.

तर ऐका. मशीनचा डावा हात मंदावलाय. गाडी आत सरकली की उजवा ब्रश लगेच येऊन तिला भिडतो, डावा मात्र पाहुण्यासारखा आढेवेढे घेत येतो. तोवर गाडी निम्मी पुढे गेलेली असते. परवा डॉक्टरीणबाईंची पांढरी गाडी एका अंगाने लख्ख आणि दुसऱ्या अंगाने आली तशीच बाहेर पडली. त्या काही बोलल्या नाहीत. पूर्वी त्यांनी मला काउंटरवरून उठवून गाडीभोवती फिरवलं असतं. हल्ली आपल्याशी कुणीच भांडत नाही, त्याचा मला फार त्रास होतो.

कंपनीचा मेकॅनिक, आपला पाना, दर गुरुवारी येतो. पाना हे नाव आपल्या डुल्यानेच ठेवलं होतं, तेच चालू आहे. अजूनही हातातला पाना खाली न ठेवता तासभर बोलतो. तो म्हणतो, काकू, प्रेशर वाढवू, हात पळायला लागेल. मी म्हटलं, यांना विचारल्याशिवाय प्रेशरच्या चाकाला कुणी हात लावायचा नाही. एकोणीस वर्षं हे गाड्या धुवायचं मशीन आपण दोघांनी चालवलं, पण मी काउंटरवर आणि तुम्ही हवेच्या नळ्यांत. मला गाड्यांचे नंबर पाठ आहेत. हवेतलं काही कळत नाही. डुल्याला कळायचं.

चौकशीच्या अहवालाची प्रत आली. चारच ओळी आहेत. "हवेचा मुख्य कॉक जुना असल्यामुळे बंद असतानाही त्यातून हवा पुढे गेली. ब्रशचा डावा हात अचानक मागे फिरला व आत सील बदलत असलेला मालकांचा मुलगा, वय तेवीस, हात आणि खांब यांच्यामध्ये सापडला." नऊ तारखेला आठ महिने होतील. इतकी मोठी गोष्ट आणि चार ओळी.

अहो, कॉक खराब होतात. माणसाच्या हातून एखादा भाग बदलायचा राहून जातो. तुम्हाला कुणी दोष देत नाही. चार दिवस ताईकडे जाऊन येतो म्हणून दोन शर्ट घेऊन एप्रिलमध्ये गेलात, आता ऑक्टोबर लागला. डाव्या हाताचं काय करायचं ते कळवा. आणि केव्हा येता तेही.

मी


११ ऑक्टोबर

अगं,

पत्र मिळालं. प्रेशर वाढवायचं नाही. काटा सहाच्या वर गेलेला मला चालणार नाही. आतलं सील झिजलं की हवा पिस्टनच्या कडेने पलीकडे निसटते आणि हात मंदावतो. अशा वेळी प्रेशर वाढवणं म्हणजे गळक्या बादलीवर नळ मोठा सोडणं. पान्याला हे समजायला हवं होतं. तोंडाऐवजी कान उघडे ठेवले असते तर समजलं असतं.

आधी रोज सकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडून आत साचलेलं पाणी सोड. तू सोडत नसणार, मला माहीत आहे. ते पाणी नळ्यांत शिरतं आणि सीलचं तेल धुऊन नेतं. भिंतीवर फिल्टरच्या शेजारी तेलाची काचेची वाटी आहे, ती निम्म्याच्या खाली गेली असेल तर भर. मग लांब दांड्याच्या ब्रशने, खांबाच्या बाहेर उभं राहून, सिलिंडरच्या तोंडाला साबणाचं पाणी लाव. बुडबुडे आले तर सील गेलं. साबणाला आपल्याकडे तोटा नाही.

सील बदलायचं झालं तर पान्याकडून बदलून घे. आत जाण्याआधी मुख्य कॉक बंद करायचा, नळीतली हवा सोडायची, काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी बघायचा आणि कॉकला टोपी अडकवायची. कॉकला टोपी म्हणजे आत माणूस आहे. ज्याने लावली त्यानेच काढायची. हा आपल्या घरचा नियम, पाना बाहेरचा, त्याला सांगावं लागेल. तू स्वतः आत जाणार असलीस तर तुझा चौकटीचा रुमाल लाव. लावतेस ना?

अहवाल पाठवू नकोस. त्यात आहे ते मीच सांगितलेलं आहे. पत्रात त्याचं नाव लिहू नकोस.

ताईचे गुडघे तसेच आहेत.

मी


२२ ऑक्टोबर

अहो,

टाकीचं पाणी सोडलं. बादलीभर निघालं, वर तेलाचा तवंग. तुमचं बोलणं खरं ठरलं की मला राग येतो, तसा आला. तेलाची वाटीही तळाला गेली होती. आता रोज सकाळी दार उघडल्यावर आधी टाकीचा नळ, मग दिवे, मग काउंटर.

साबणाचं पाणी लावलं. सिलिंडरच्या तोंडाशी, जिथून दांडा बाहेर येतो तिथे, बुडबुड्यांचा गोळाच जमला. पाना म्हणाला, काकू, हे सील पार गेलंय. मग त्याने हातातला पाना खाली ठेवला. त्यालाही आठवलं असणार. डुल्या ज्या सिलिंडरचं सील बदलायला आत गेला होता तो हाच. ते काम तसंच राहिलंय. मेमध्ये मशीन पुन्हा सुरू केलं तेव्हा पान्याने बाकी सगळं तपासलं, फक्त त्या सिलिंडरला हात लावला नाही, आणि मीही लाव म्हटलं नाही.

नाव लिहू नकोस म्हणता. मग काय लिहू, "तो"? तेवीस वर्षं हाक मारली. चालायला लागला तेव्हा बदकासारखा डुलत यायचा म्हणून तुम्हीच डुल्या म्हणायला सुरुवात केलीत. त्याचं नाव घ्यायला या घरात आता मी एकटी आहे. तुम्ही वाचू नका हवं तर, तेवढ्या शब्दावर बोट ठेवा.

एक विचारायचं होतं. हॉस्पिटलने त्याच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या होत्या, ती पिशवी मी आता उघडली. घड्याळ, किल्ल्या आणि सीलचं नवीन पाकीट. फोडलेलं नाही. वर त्याच्या अंगठ्याचा तेलकट डाग आहे. पाना म्हणतो, सील चांगलं आहे, बसेल. बसवायचं का?

तुमच्या खोलीतली खिडकी नीट लागत नाही, हवा बदलली की आपटते. तुम्ही असता तर दहा मिनिटांचं काम होतं. रुमालाचं विचारलंत. लावते.

मी


१ नोव्हेंबर

अगं,

ते पाकीट वापरू नकोस. जपून ठेव, नाहीतर टाक, पण मशीनमध्ये नको. नवीन मागव. त्या सिलिंडरचं सील मी चार वर्षांपूर्वी एकदा बदललं होतं. काढलेलं सील कॉम्प्रेसरच्या खोलीत, वरच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात असेल. त्याच्या लेबलवर नंबर आहे. तो नंबर पान्याला दे.

माझं इथे बरं चाललंय. वरच्या खोलीत राहतो. शेजारपाजारचे मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करून देतो. हवेवर चालणारं काहीही हातात घेत नाही. मागच्या आठवड्यात ताईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, बसमध्ये बसलो. पुढच्या थांब्यावर दार उघडताना हवा सुटली, फुस्स झालं, आणि मी ताईला तिथेच सोडून खाली उतरलो. ती बिचारी दुखऱ्या गुडघ्यांनी एकटी डॉक्टरकडे गेली. घरी आल्यावर काही बोलली नाही. तू बोलली असतीस.

नावावर बोट ठेवलं नाही. वाचलं.

खिडकीच्या बिजागरीत पुठ्ठ्याचा तुकडा घाल, तात्पुरतं थांबेल.

मी


८ नोव्हेंबर

अहो,

डबा उघडला. सीलचा नंबर मिळाला, पान्याने मागवलंय, आठवडा लागेल म्हणतो.

डब्यात एकोणीस वर्षांचे भाग आहेत. सीलं, नळ्यांचे तुकडे, स्प्रिंगा, दोन कॉइली. प्रत्येकाला दोऱ्याने लेबल आणि तुमचं अक्षर. काय काढलं, केव्हा काढलं, का काढलं. एक लेबल डुल्याच्या हातचं आहे, "पाणी शिरलं, आईने टाकीचा नळ सोडला नाही" असं लिहिलंय. मी वाचून हसले आणि मग बराच वेळ स्टुलावर बसून राहिले.

तळाशी जुना मुख्य कॉक आहे. फेब्रुवारीत तुम्ही काढलेला. त्याला लेबल नाही.

का नाही?

मी


३० नोव्हेंबर

अहो,

तीन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. आता नाही आलं तरी चालेल. मीच लिहिते. अर्धवट वाचून ठेवू नका, शेवटपर्यंत वाचा, एवढंच मागते.

तो कॉक मी पान्याला दिला. म्हटलं, हा किती गळतो ते बघायचंय. त्याने तो नळीला जोडला, बंद केला, मागून सहाचं प्रेशर दिलं आणि पुढच्या तोंडाला साबणाचं पाणी लावलं. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. एक बुडबुडा आला नाही. पाना म्हणाला, काकू, हा तर ठणठणीत आहे, काकांनी कशाला काढला? मी म्हटलं, असेल काहीतरी. तो गेल्यावर दार लावून घेतलं.

त्या शनिवारी तुम्ही तेलाचा डबा आणायला गेला होतात. बाहेर चार गाड्या उभ्या होत्या, पहिला माणूस सारखा घड्याळ बघत होता. डावा हात बघतो म्हणून डुल्या मघाशी उठला होता, त्याला अर्धा तास झाला असेल. मला वाटलं, आटोपून समोर चहाला गेला. मी मागे कॉम्प्रेसरच्या खोलीत आले. कॉकला त्याची निळी टोपी होती. ती तर कायमच असायची. काम संपलं तरी टोपी काढायची त्याला कधी आठवण राहिली नाही. त्या आठवड्यात तीनदा मीच काढली होती आणि तीनदा त्याच्या डोक्यावर आपटून ठेवली होती. धांदरटपणाला सीमा असते, असं ओरडले होते. तो म्हणाला होता, तू आहेस ना.

मी एकदा हाक मारली, "डुल्या." कॉम्प्रेसर चालू होता. मला काही ऐकू आलं नाही, त्याने उत्तर दिलं असेल का ते मला माहीत नाही. मी टोपी काढली, कमरेला खोचली आणि कॉक उघडला. फुस्स आवाज झाला, रोज सकाळी होतो तसाच. मी काउंटरकडे वळले. पहिल्या माणसाला हाताने "या" अशी खूणही केली होती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तेवढ्यात दारातून आलात, तुम्हीच आधी धावलात.

हॉस्पिटलमधून चारच्या सुमाराला घरी आणलं मला, तेव्हा कमरेला टोपी हाताला लागली. मी ती बादलीत टाकली, साबण लावला, घासली, पिळली आणि दोरीवर वाळत घातली. का धुतली ते मला सांगता येत नाही. लपवायची म्हणून धुतली का, तेही ठाऊक नाही. बाकी सगळे कपडे त्याने आदल्याच दिवशी धुवायला दिले होते. त्याच्या डोक्याचा वास असलेली तेवढी एकच वस्तू घरात उरली होती, आणि ती मी धुऊन टाकली. आता तिला फक्त साबणाचा वास येतो.

चौकशीला साहेब आले, तेव्हा सगळे म्हणाले कॉक बंदच होता. मी ऐकत होते. मला वाटायला लागलं, मी खरंच उघडला का? मग तुम्ही म्हणालात, कॉक जुना होता, बंद असूनही हवा जात होती, महिनाभर मला माहीत होतं, मी बदलला नाही. मी ते वाक्य धरून ठेवलं. म्हटलं, यांना मशीनमधलं कळतं, हे म्हणतात तर असेल. मी टोपी काढायच्या आधीच हवा गेली असेल. तुमच्या त्या एका वाक्याच्या आधाराने मी हे सगळे महिने जेवले, झोपले, गाड्या धुतल्या. आणि पहिल्या पत्रात तुम्हालाच समजूत घातली, कॉक खराब होतात म्हणून. ते किती सहज लिहिलं, याची मला आता लाज वाटते.

कॉक चांगला आहे. तुम्ही चुकीच्या समजात स्वतःला जाळत आहात. तुमचा काही दोष नव्हता. माझा होता. पोराला मी मारलं.

आता तुम्हाला काय वाटेल ते मला लिहा. नाही लिहिलंत तरी मी समजेन.

मी


९ डिसेंबर

अगं,

शेवटपर्यंत वाचलं. चारदा वाचलं.

मला माहीत होतं.

कॉक बंद होता असं सगळे म्हणाले, कारण तो मी बंद केला. मी दारातून आलो तेव्हा पोराचा आवाज ऐकला आणि आधी कॉककडे धावलो. दांडी सरळ होती, कॉक पूर्ण उघडा होता, आणि त्यावर टोपी नव्हती. मी तो बंद केला, हवा सोडली, मगच हात मागे सरला आणि त्याला बाहेर काढता आलं. तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. संध्याकाळी त्याचे कपडे न्यायला घरी आलो तर दोरीवर निळी टोपी ओली होती. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. मी खाली उभा राहून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना कॉक गळतो असं सांगितलं आणि परवानगी घेऊन कॉक बदलला. त्यांनी जुना कॉक हातातही घेतला नाही, माझं तोंड बघून लिहून घेतलं. नंतर लेबल लिहायला बसलो. साहेबांशी खोटं बोललो होतो, त्याचं काही वाटलं नव्हतं. पण लेबलवर मी आजवर एकदाही खोटं लिहिलेलं नाही. पेन तसंच ठेवलं आणि कॉक डब्याच्या तळाला टाकला. तुला डबा उघडायला मीच सांगितलं. तो कॉक तिथे आहे हे मी विसरलो होतो की नव्हतो, ते माझं मलाच सांगता येत नाही.

हा माझा मोठेपणा समजू नकोस. तुला वाचवायला मी तसं बोललो हे खरं आहे. पण त्यानंतर मला तुझा राग आला, तो जाईना. तू ताट वाढायचीस आणि मला तुझा उजवा हात दिसायचा. मी ताट सरकवून उठायचो. आणि तू बोलत नव्हतीस. साहेबांसमोर तू खाली मान घालून बसली होतीस, मला वाटलं आता सांगेल. नाही सांगितलंस. वाटलं, सगळे पाहुणे गेल्यावर सांगेल. मग वाटलं, महिना होऊ दे. एप्रिलपर्यंत मी वाट बघितली. तू एकदा जरी म्हणाली असतीस, तरी मी तुला जवळ घेतलं असतं, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही. शेवटी दोन शर्ट घेतले आणि निघालो.

तू म्हणतेस तुमचा दोष नव्हता. त्याची टोपी तू काढतेस हे मी शंभरदा पाहिलं आणि हसलो. "आईने टोपी काढली, राजे बाहेर आले," असं मीच म्हणायचो. नियम मी केला आणि तो रोज मोडताना बघत बसलो, कारण तुमचं दोघांचं ते भांडण मला ऐकायला आवडायचं. तेव्हा एकदा दोघांवर ओरडलो असतो तर तो आज असता. त्यामुळे सगळं एकटीच्या नावावर घेऊ नकोस.

आता तू सांगितलंस. या पत्राची मी इतके महिने वाट बघत होतो. वाटलं होतं, तू सांगितलंस की दुसऱ्या दिवशी बॅग भरीन. पत्र वाचून बॅग काढली. पलंगावर उघडी ठेवली आहे. आज सहा दिवस झाले, तिच्यात काही घातलेलं नाही. ताई रोज बघते आणि चादर नीट करून जाते.

येतो असं लिहवत नाही. येणार नाही, असंही लिहवत नाही.

त्या कॉकला लेबल लाव. तुझ्या अक्षरात.

मी


२० डिसेंबर

अहो,

लेबल लावलं. तुमच्यासारखंच लिहिलं, तीन ओळींत. "मुख्य कॉक. काढला दहा फेब्रुवारी. दोष नाही." दोरा बांधून डब्यात सगळ्यात वर ठेवला.

मी का बोलले नाही, ते विचारू नका. रोज सकाळी तुम्हाला चहा देताना बोलणार होते. तुम्ही कप घेताना माझ्याकडे बघत नव्हतात. मला वाटायचं, हे स्वतःला दोष देतायत म्हणून बघत नाहीत. तुम्ही मी बोलायची वाट बघताय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. एका टेबलावर बसून आपण दोघं दोन महिने असे काढले.

राग येऊ दे तुम्हाला. तो धरायला तुमच्याशिवाय मला कुणी नाही आणि माझ्याशिवाय तुम्हाला कुणी नाही.

नवीन सील आलं होतं. ते परत पाठवलं. तुमचं ऐकलं नाही. काल पान्याबरोबर मी स्वतः आत गेले आणि डुल्याच्या खिशातलं पाकीट फोडलं. कॉक बंद केला, हवा सोडली, काटा शून्यावर आलेला बघितला, माझा रुमाल लावला. मागे तुम्ही विचारलंत तेव्हा लावते म्हणून लिहिलं होतं, ते खोटं होतं. त्यानंतर मी आत गेलेच नव्हते. पान्याला म्हटलं, तू फक्त सांग, हात माझे. सील बोटभर रुंदीचं, काळं, मऊ. त्याला तेलाचं बोट फिरवलं आणि खोबणीत बसवलं. बसल्याचं हाताला कळतं. हे डुल्या मला दहादा दाखवायला बघत होता आणि मी काउंटर सोडून यायला तयार नव्हते.

मग रुमाल माझा मी काढला आणि कॉक उघडला. त्या फुस्स आवाजाला मी खांबाला धरून उभी राहिले. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करून बोलावलं, म्हटलं तुमची एक बाजू आमच्याकडे राहिली आहे. डावा हात उजव्याच्या बरोबरीने आला. गाडी दोन्ही अंगांनी लख्ख बाहेर पडली. बाई खाली उतरल्या, गाडीभोवती फिरल्या, मागच्या काचेवरचा एक ठिपका मला दाखवला आणि चांगल्याच बोलल्या. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्यासमोरच रडले. डुल्याचं काम पुरं झालं.

त्यानंतर मी कॉक बंद केला, हवा सोडली आणि कपाटातून त्याची निळी टोपी आणून कॉकला अडकवली. टोपीचं टोक त्याने कुरतडलेलं आहे, ते तेवढं धुऊनही गेलेलं नाही. त्या दिवशी ती मी काढायला नको होती. ती परत जागेवर ठेवली.

तुम्ही यावं की येऊ नये, ते मी विचारणार नाही. बॅग उघडीच राहू दे. तुमची तपकिरी टोपी इथे खुंटीवर आहे आणि तुमच्या खोलीच्या खिडकीत पुठ्ठा घातलाय, आपटत नाही.

मशीन सुरू होत नाही म्हणून पाना आज दोनदा येऊन गेला. गिऱ्हाइकं येतात, रिकामं मशीन बघतात आणि विचारतात, किती दिवस बंद, काय झालं? मी काउंटरवर बसलेली असते. नियम तुमचाच आहे, ज्याने लावली त्यानेच काढायची, आणि ती टोपी माझी नाही. मी सगळ्यांना एकच सांगते, थांबावं लागेल, आत माणूस आहे.

मी